३ गिगाहर्ट्झचा जुना डबा २.४ च्या लॅपटॉपपुढे का दमतो?

प्रश्न थोडक्यात असा. वडिलांच्या डीटीपीच्या दुकानातली तीन मशिन माळ्यावर पडून आहेत: ४८६ डीएक्स२-६६, १ गिगाहर्ट्झचा पेंटियम थ्री आणि ३ गिगाहर्ट्झचा पेंटियम फोर. विचारणाऱ्याकडे आज कोअर आय फाइव्ह ११३५जी७ असलेला लॅपटॉप आहे आणि विंडोज त्याचा वेग २.४ गिगाहर्ट्झ दाखवतं. मग ३ चा २.४ पुढे मागे कसा पडतो? इतक्या वर्षांत वापरलेल्या प्रोसेसरांपैकी खरी उडी कुणाची? आणि या तीन डब्यांचं करायचं काय?

मी पुण्यात ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून मशिन जोडतोय आणि दुरुस्त करतोय, त्यामुळे हे तिन्ही प्रोसेसर माझ्या टेबलावरून भरपूर गेलेत. आधी सरळ उत्तर देतो. गिगाहर्ट्झ म्हणजे चिपमधलं घड्याळ सेकंदाला किती ठोके देतं तो आकडा. एका ठोक्यात काम किती उरकतं आणि किती ठोके नुसते रॅमची वाट बघण्यात जातात, याचा त्यात पत्ता नसतो. शिवाय तुमच्या लॅपटॉपवर लिहिलेले २.४ हा पायाचा वेग आहे. जोर लावायची वेळ आली की तोच चिप ४.२ पर्यंत जातो. म्हणजे तुलना मुळातच ३ विरुद्ध २.४ अशी नाही. तरी ती तशी असती, तरी पेंटियम फोर हरलाच असता.

या आकड्यावर लोकांनी किती विश्वास टाकला होता ते सांगतो. नव्वदच्या आसपासच्या कॅबिनेटला पुढे टर्बोचं बटण आणि शेजारी चमकणारे दोन अंक असायचे. गिऱ्हाईक ते अंक बघूनच मशिन पसंत करायचं. ते अंक काहीही मोजत नसत. मागच्या बाजूला छोट्या पट्टीवर जंपर (पिना जोडणाऱ्या बारीक टोप्या) असायचे, ते जसे बसवाल तसा आकडा उमटायचा. ३३ च्या मशिनवर ६६ दाखवणं हे पाच मिनिटांचं काम होतं आणि दाखवणारे दुकानदारही होते. टर्बो बटणाचं तर उलटंच. लोकांना वाटे की ते दाबलं की मशिन पळतं; खरं तर ते मशिन मुद्दाम हळू करण्यासाठी दिलेलं होतं, कारण सुरुवातीचे कित्येक खेळ ४.७७ मेगाहर्ट्झ धरूनच लिहिलेले होते आणि वेगवान मशिनवर ते हाताबाहेर धावायचे. (हा ४.७७ आकडा इतका विचित्र का? आयबीएमने १९८१ च्या पीसीत १४.३१८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल टाकला, अमेरिकन रंगीत टीव्हीच्या सिग्नलशी जुळणारा. त्याला तीनने भागलं की ४.७७.)

प्रोसेसरांची तुलना करायची तर मी एकच जुनी फूटपट्टी वापरतो: दोन पूर्णांकांचा गुणाकार करायला किती ठोके लागतात? ही परिपूर्ण चाचणी नाही, रोजच्या कामात गुणाकारापेक्षा बेरजा आणि प्रोग्रॅममध्ये इकडून तिकडे जाण्याच्या सूचना जास्त असतात. पण चिप बनवणाऱ्यांनी कोणत्या पिढीत काय साधलं आणि काय सोडून दिलं, ते या एका आकड्यात बरंच दिसतं.

माझा पहिला घरगुती कॉम्प्युटर स्पेक्ट्रम प्लस. सिंक्लेअरचा हा ब्रिटिश कॉम्प्युटर आपल्याकडे पुण्याच्याच डेसिबल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम' या नावाने आणला होता. आत झायलॉगचा झेड८० ए, ३.५ मेगाहर्ट्झ, ४८ केबी रॅम, पडदा म्हणजे घरचा टीव्ही आणि साठवण म्हणजे कॅसेट. झेड८० ला गुणाकाराची सूचनाच नव्हती. सरकवा, मिळवा, पुन्हा सरकवा, असं स्वतः लिहून घ्यायचं. आठ बिटांच्या साध्या गुणाकाराला काही शे ठोके, म्हणजे शंभर मायक्रोसेकंदांच्या घरात वेळ. त्यातून रॅमचा खालचा १६ केबीचा भाग टीव्हीचं चित्र काढणाऱ्या चिपबरोबर वाटून घ्यावा लागे. ती चिप चित्र वाचत असली की प्रोसेसर थांबणार. म्हणून वेग हवा असलेला प्रोग्रॅम आम्ही वरच्या ३२ केबीत ठेवायचो. वाट बघण्याचा विषय मला तिथेच कळला. एक मोठा खेळ कॅसेटवरून चढायला चार-पाच मिनिटं लागायची, आणि शेवटच्या क्षणी डोक्यावरचा पंखा कुणी सुरू केला की टेप-लोडिंगची चूक येऊन सगळं पुन्हा पहिल्यापासून.

मग एक्सटी, आयबीएमच्या पीसीची पुढची आवृत्ती. इंटेलचा ८०८८, १९७९ ची चिप, एकोणतीस हजार ट्रान्झिस्टर. आतून सोळा बिटांची, पण बाहेर रॅमकडे जाणारा रस्ता आठ बिटांचा. सोळा बिटांच्या गुणाकाराला ११८ ते १३३ ठोके, म्हणजे ४.७७ वर साधारण २६ मायक्रोसेकंद. पण त्याची खरी रड वेगळीच होती. कागदावर दोन रजिस्टरांची (प्रोसेसरमधल्या छोट्या खणांची) बेरीज तीन ठोक्यांची, पण ती दोन बाइटांची सूचना रॅममधून आणायलाच आठ ठोके जात. प्रोसेसरचं पोट रिकामं आणि वाढपी हळू, असा प्रकार. एनईसीचा व्ही२० नावाचा चिप ८०८८ च्या जागी तसाच्या तसा बसायचा आणि काही कामांत चांगला फरक पडायचा, विशेषतः गुणाकार-भागाकारात. प्रोसेसर बदलून मशिन 'नवं' करण्याचा माझा पहिला अनुभव तो.

त्या काळी मराठीत काम करायचं तर नुसता प्रोसेसर पुरत नसे. डॉसच्या पडद्यावर देवनागरी दिसावी म्हणून पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं जिस्ट कार्ड मशिनमध्ये खोचावं लागे. अक्षरं जोडण्याचं काम ते कार्ड करायचं, म्हणूनच एक्सटीवरसुद्धा मराठी डेटा एंट्री चालायची. आज तुमच्या मोबाइलवर जोडाक्षर उमटतं त्यामागे किती गणित चालतं याची कुणी दखलही घेत नाही.

इंटेलच्या पुढच्या चिपविषयी, २८६ विषयी, लोक फार बोलत नाहीत, कारण तो दोन मोठ्या नावांच्या मध्ये अडकला. पण माझ्या फूटपट्टीवर सगळ्यात मोठी उडी त्याचीच. सोळा बिटांचा गुणाकार २१ ठोक्यांत. १२ मेगाहर्ट्झवर पावणेदोन मायक्रोसेकंद. एक्सटीशी ताडून बघा: घड्याळ अडीच पट, गुणाकार पंधरा पट. मेगाहर्ट्झ बघून यंत्र जोखणाऱ्याला हे कधीच कळलं नसतं. दुकानदारांना मात्र हिशेबाच्या पॅकेजमध्ये ते लगेच जाणवलं. एक्सटीवर ताळेबंद छापायला लावून लोक चहाला जायचे, २८६ वर चहा सांगेपर्यंत प्रिंटर खडखडायला लागायचा.

३८६ ने बत्तीस बिट आणले आणि मेमरी हाताळण्याची नवी पद्धत आणली, ज्याच्यावर पुढचं विंडोज आणि लिनक्स उभं राहिलं. इंटेलचा मूळ ३८६ १९८५ चा, पण माझ्याकडे होता तो इंटेलची प्रतिस्पर्धी कंपनी एएमडीचा ३८६ डीएक्स-४०, १९९१ चा. इंटेल ३८६ ला ३३ वर थांबला होता, एएमडीने ४० दिले आणि किंमत कमी ठेवली. पुण्यात असेंबल्ड मशिनचा धंदा वाढला त्यात या चिपचा वाटा मोठा. आर्किटेक्ट लोक मात्र ३८६ घेऊन थांबू शकत नसत, कारण नकाशे काढायच्या ऑटोकॅडला गणिताचा जोडप्रोसेसर लागे. ३८७ वेगळा घ्या, शेजारच्या रिकाम्या सॉकेटात बसवा.

आता तुमच्या माळ्यावरचा पहिला गडी, ४८६. इथे एक गंमत आहे. ४८६ चा सोळा बिटांचा गुणाकार १३ ते २६ ठोके घेतो, म्हणजे ठोक्यांच्या हिशेबात ३८६ पेक्षा चांगला नाहीच. फायदा दुसरीकडे झाला. साधी बेरीज ३८६ ला दोन ठोके घेई, ४८६ ला एक. पाच टप्प्यांची पाइपलाइन आली, म्हणजे एक सूचना संपायच्या आत पुढची सुरू. गणिताचा जोडप्रोसेसर चिपच्या आत आला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ८ केबीचा कॅश, म्हणजे नेहमी लागणारा माल हाताशी ठेवणारी छोटी वेगवान मेमरी, चिपमध्येच बसवला. बारा लाख ट्रान्झिस्टरांतले बरेचसे त्यातच गेले. डीएक्स२ ची करामतही कॅशच्या जिवावरच: आत ६६, बाहेर मदरबोर्डवर ३३. आतला प्रोसेसर दुप्पट पळवायचा आणि त्याने मागितलेला माल शक्यतो आतल्या आठ केबीत सापडावा अशी व्यवस्था करायची. १९९२ ची ही कल्पना आजच्या प्रत्येक प्रोसेसरात आहे. वडिलांनी तेव्हा हा डबा घेतला असेल तर नव्या स्कूटरपेक्षा जास्त पैसे मोजले असणार.

४८६ एसएक्सचा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्यात गणिताचा भाग बंद करून चिप स्वस्तात विकला जाई. नंतर गणित हवंसं वाटलं तर ४८७ घ्यायचा. तो ४८७ म्हणजे एक पिन जास्त असलेला सबंध ४८६ डीएक्सच असायचा. तो बसवला की जुना प्रोसेसर पूर्ण झोपी जायचा. दोन चिप घ्यायच्या, वापरायचा एक.

पेंटियमने १९९३ मध्ये एका ठोक्यात दोन सूचना चालवायला सुरुवात केली आणि दशांश गणित प्रचंड सुधारलं. १९९४ मध्ये भागाकाराच्या चुकीवरून झालेला गोंधळ जगभर गाजला. इंटेलला चिप बदलून द्यायला ४७ कोटी ५० लाख डॉलर बाजूला काढावे लागले. आपल्याकडे मात्र पेंटियम फोफावला तो नंतरचा, १३३ आणि १६६. त्याच वेळी सायरिक्सचा ६x८६ स्वस्तात मिळे. त्याच्यावर 'पी१६६+' असं लिहिलेलं असायचं आणि घड्याळ असायचं १३३ चं. लोक याला फसवणूक म्हणायचे. मला तसं वाटत नाही. ऑफिसच्या कामात तो खरोखर १६६ च्या पेंटियमला टक्कर द्यायचा. पण दशांश गणितात कच्चा होता, आणि 'क्वेक' हा खेळ आल्यावर ते उघडं पडलं. मेगाहर्ट्झ सोडून कामाच्या बरोबरीने आकडा द्यायची कल्पना योग्य होती, काम कुणाचं हा प्रश्न राहिला. डीटीपीवाल्याला तो चिप उत्तम, खेळणाऱ्या पोराला वाईट.

त्या काळात चिपवरचा आकडा पुसून वरचा छापलेले प्रोसेसरही बाजारात फिरत. विकत घेताना आम्ही पृष्ठभागावर बोट फिरवून बघायचो आणि मशिन तासन् तास चालवून ठेवायचो. बाहेरचं घड्याळ ज्या आकड्याने गुणून आतला वेग ठरतो त्या गुणकाला इंटेलने पुढे कुलूप लावलं त्यामागे हेही एक कारण होतं.

पण ते कुलूप बसवूनही एक चिप निसटला, आणि माझ्या दृष्टीने पैशाला सगळ्यात जास्त जागलेला प्रोसेसर तोच: सेलेरॉन ३००ए, ऑगस्ट १९९८. त्याआधीच्या सेलेरॉनला दुसऱ्या पातळीचा (पहिल्याच्या मागचा, मोठा) कॅश नव्हताच आणि त्याची सगळीकडे टिंगल झाली. म्हणून इंटेलने ३००ए मध्ये १२८ केबी कॅश दिला, तोही प्रोसेसरच्याच चिपवर, पूर्ण वेगाने चालणारा. महागड्या पेंटियम टू मध्ये कॅश ५१२ केबी, पण वेगळ्या चिपवर आणि निम्म्या वेगाचा. स्वस्त माल महाग मालाला भारी पडायला एवढं पुरे होतं. वर घड्याळाचा हिशेब बघा: गुणक साडेचार, बस (प्रोसेसर आणि मदरबोर्डमधला रस्ता) ६६ मेगाहर्ट्झची, म्हणून ३००. गुणकाला कुलूप असलं तरी बस १०० केली की ४५०. ज्या बोर्डात ती सोय नसे तिथे चिपच्या कार्डाच्या बी२१ या पट्टीवर सेलोटेपचा बारीक तुकडा चिकटवला की बोर्ड बस १०० ची समजायचा. बहुतेक चिप हे ४५० निमूट सहन करत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात तेव्हा लोक नुसतं 'तीनशे ए' म्हणून मागायचे.

पेंटियम थ्री हा त्याच घराण्यातला. तुमच्याकडे १ गिगाहर्ट्झचा आहे, म्हणजे कॅश चिपवरच असलेला, कॉपरमाइन पिढीचा किंवा त्याच्या नंतरचा. १ गिगाहर्ट्झचा टप्पा मार्च २००० मध्ये एएमडीच्या अॅथलॉनने आधी गाठला, इंटेल दोन दिवसांनी. माझ्या फूटपट्टीवर पेंटियम थ्री: गुणाकाराचं उत्तर ४ ठोक्यांत, आणि दर ठोक्याला नवा गुणाकार सुरू करता येतो. म्हणजे उत्तराला ४ नॅनोसेकंद. एक्सटीच्या २६ मायक्रोसेकंदांपासून साडेसहा हजार पट, वीस वर्षांत.

आणि आता पेंटियम फोर. नोव्हेंबर २००० मध्ये आला, १.४ आणि १.५ गिगाहर्ट्झचा. तोपर्यंत गिऱ्हाईक दुकानात येऊन एकच विचारायचं, "किती गिगाहर्ट्झ?" आणि पेंटियम फोर त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला बांधलेला होता. घड्याळ चढवायचं तर प्रत्येक टप्प्यावरचं काम कमी करावं लागतं, म्हणून पाइपलाइन वीस टप्प्यांची केली, २००४ च्या प्रेस्कॉट या त्याच्या पुढच्या पिढीत एकतीस. पंगतीसारखं समजा. मीठ, चटणी, कोशिंबीर, भाजी असे एकामागून एक वाढपी निघतात, जितके जास्त वाढपी तितकं एकेकाचं काम सोपं आणि रांग वेगवान. पण रांग अर्ध्यावर गेल्यावर कळलं की वाढायचं दुसऱ्याच मांडवात होतं, तर सगळ्यांना परत फिरवावं लागतं. प्रोग्रॅममधल्या प्रत्येक 'जर-तर' जवळ प्रोसेसर अंदाजाने पुढे जातो. अंदाज चुकला की एकतीस टप्प्यांची रांग रिकामी होते.

गुणाकाराचं तर ऐकूनच बसाल. पेंटियम फोरच्या सुरुवातीच्या पिढ्यांत पूर्णांकांचा गुणाकार दशांश गणिताच्या विभागाकडे पाठवला जाई आणि उत्तर यायला चौदा किंवा जास्त ठोके लागत. ३ गिगाहर्ट्झवर चौदा ठोके म्हणजे पावणेपाच नॅनोसेकंद. तुमच्या माळ्यावरचा १ गिगाहर्ट्झचा पेंटियम थ्री तेच उत्तर ४ नॅनोसेकंदांत देतो! प्रेस्कॉटने हे काहीसं सुधारलं, पण तीनपट घड्याळाचा बडेजाव कुठे आणि ही बरोबरी कुठे. न्याय करायचा तर हेही सांगतो की साध्या बेरजांचा भाग पेंटियम फोरमध्ये घड्याळाच्या दुप्पट वेगाने चाले, व्हिडिओ रूपांतरासारख्या एकाच लयीतल्या कामात तो खरोखर चांगला होता, आणि ३.०६ पासून हायपर-थ्रेडिंग (एकाच प्रोसेसरने दोन कामं एकदम हाताळण्याची सोय) आल्यावर अँटिव्हायरस चालू असतानाही माउस अडखळायचा थांबला. पण पेजमेकर, कोरल, टॅली या कामांत गिऱ्हाइकाला जेवढं सांगितलं जाई तेवढं मिळत नसे.

उष्णता हा दुसरा मुद्दा. ४८६ वर कित्येकदा पंखाही नसायचा. ३ गिगाहर्ट्झचा नॉर्थवुड (प्रेस्कॉटच्या आधीच्या पिढीचा पेंटियम फोर) ८२ वॅट खायचा, ३.८ चा प्रेस्कॉट ११५. पुण्याच्या एप्रिलमध्ये पत्र्याखालच्या दुकानात याचा अर्थ काय होतो ते वडिलांना विचारा. त्यातून २००५ ते २००८ हा काळ महाराष्ट्रात भारनियमनाचा. पेंटियम थ्रीला जो यूपीएस फाइल सेव्ह करून प्रिंट काढायलाही पुरायचा, तो पेंटियम फोर आणि सीआरटी मॉनिटर जोडल्यावर जेमतेम मशिन बंद करण्यापुरता उरायचा. वाढत्या घड्याळाबरोबर वीज आणि उष्णता आटोक्यात राहत नाही हे इंटेललाही उमगलं, आणि २००४ मध्ये पेंटियम फोरच्या पुढचा टेजस रद्द झाला. त्या वर्षांत मी स्वतः अॅथलॉन एक्सपी २५००+ वापरत होतो. घड्याळ १.८३ चं, आणि रोजच्या कामात कित्येक २.५ च्या पेंटियम फोरला भारी. त्याची एकच भीती: चिपचा सिलिकॉनचा तुकडा उघडा असायचा. हीटसिंकची पट्टी स्क्रू ड्रायव्हरने दाबताना हात सटकला की कोपरा तुटलाच.

इंटेलने मग मागे वळून पेंटियम थ्रीच्या घराण्याकडे पाहिलं. इस्रायलमधल्या हैफाच्या तुकडीने लॅपटॉपसाठी पेंटियम एम बनवला होता, त्याच वाटेने जुलै २००६ मध्ये कोअर २ ड्युओ आला. माझा ई६६००: २.४ गिगाहर्ट्झ, दोन गाभे (एकाच चिपमध्ये दोन प्रोसेसर), ४ एमबी कॅश, ६५ वॅट. गुणाकार ३ ठोक्यांत, म्हणजे सव्वा नॅनोसेकंद. ३ गिगाहर्ट्झच्या पेंटियम फोरपेक्षा घड्याळ कमी, वीज कमी, पंखा शांत, काम कितीतरी जास्त. तुमच्या प्रश्नाचं उत्तर २००६ मध्येच मिळालं होतं, तुमचा लॅपटॉप ते अधिक जोरात सांगतो एवढंच. फूटपट्टीवरची सगळ्यात मोठी उडी २८६ ची. पण हाताला जाणवलेली, दुकानात शेजारी-शेजारी ठेवून दाखवता आलेली उडी मी कोअर २ ड्युओची म्हणेन.

एकापेक्षा जास्त गाभे ही कल्पना मात्र पुण्याला नवी नव्हती. सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक बांधला तो इनमॉस कंपनीचे चौसष्ट टी८०० ट्रान्सप्युटर (एकमेकांना जोडता येणारे प्रोसेसर) एकत्र जोडून. एकटा प्रोसेसर पळत नसेल तर अनेकांना कामाला लावा, हे तत्त्व तेच. अडचणही तीच: काम वाटून देता आलं तर फायदा.

त्यानंतरचं पटकन सांगतो, कारण तिथे उड्या कमी आणि पावलं जास्त. २०११ चा आय फाइव्ह २५००के माझ्याकडे इतकी वर्षं चालला की शेवटी मीच कंटाळलो. नंतर एएमडीचा रायझन ५ ३६००, सहा गाभे, बारा धागे (एका वेळी हाताळता येणारी कामं), ६५ वॅट. एकेका गाभ्याचा वेग हळूहळू वाढत गेला, गाभ्यांची संख्या वाढली. या काळात गिऱ्हाइकाला सगळ्यात मोठा फरक जाणवला तो प्रोसेसरमुळे नव्हेच, हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकल्यामुळे. जुन्या कोअर २ ड्युओत एसएसडी टाकून दिली की लोकांना वाटायचं मी प्रोसेसर बदलला.

आणि ते साहजिक आहे, कारण मुळात प्रश्न वाट बघण्याचा आहे. हा हिशेब कागदावर करून बघा. एक्सटीचा एक ठोका म्हणजे २१० नॅनोसेकंद. त्या काळची रॅम चिप दीडशे नॅनोसेकंदांत उत्तर देई, म्हणजे रॅम प्रोसेसरच्या पुढेच; तिथे अडायचं ते आठ बिटांच्या अरुंद रस्त्यावर. तुमच्या लॅपटॉपचा ४ गिगाहर्ट्झवर एक ठोका म्हणजे पाव नॅनोसेकंद, आणि रॅमपर्यंत जाऊन यायला आजही ऐंशी-शंभर नॅनोसेकंद लागतात. म्हणजे एका फेरीत तीनशे-चारशे ठोके वाया. रॅमची रुंदी अफाट वाढली, एका वेळी माल खूप येतो, पण पहिला घास यायला लागणारा वेळ चाळीस वर्षांत निम्म्यावर आला इतकंच. म्हणून तुमच्या आय फाइव्हच्या चिपवर ८ एमबीचा सामाईक कॅश आणि शिवाय प्रत्येक गाभ्याला सव्वा एमबीचा खासगी कॅश आहे. वडिलांच्या ४८६ मध्ये सबंध रॅम बहुधा चार किंवा आठ एमबी असेल. त्या मशिनचं सगळं जग तुमच्या प्रोसेसरच्या कॅशमध्ये मावतं.

आता माळ्यावरच्या डब्यांचं. थेट प्लग लावू नका. ४८६ च्या बोर्डावर निळ्या किंवा हिरव्या वेष्टनातली पिंपासारखी बॅटरी सोल्डर केलेली असेल, ती पहिल्यांदा बघा. निकेल-कॅडमियमची ही बॅटरी गळते आणि तिचा क्षार कीबोर्डच्या सॉकेटपर्यंतचे तांब्याचे मार्ग खातो. हिरवट पांढरी बुरशी दिसली तर बॅटरी कापून काढा, कापसाच्या बोळ्याने थोडं व्हिनेगर लावा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करा आणि दोन दिवस वाळू द्या. या डब्याच्या पुढच्या बटणापर्यंत थेट २३० व्होल्ट येतात, पुढे बोट घालताना प्लग भिंतीतून काढलेला असू द्या. एसएमपीएसचे (वीज पुरवणाऱ्या डब्याचे) दोन कनेक्टर बोर्डला परत लावताना दोन्हीकडच्या काळ्या वायरी मध्ये एकमेकींशेजारी आल्या पाहिजेत. उलटं बसलं तर बोर्ड गेला.

पेंटियम फोरमध्ये प्रोसेसरभोवतीचे कपॅसिटर बघा. त्या वर्षांत निकृष्ट रसायनाचे कपॅसिटर जगभरच्या बोर्डांवर बसले होते. डोकं फुगलेलं किंवा तपकिरी चिकट डाग असेल तर तो डबा चालू करू नका. खरं सांगायचं तर तिघांपैकी तोच मी भंगारात देईन. तो जे करतो ते सगळं पेंटियम थ्री किंवा एखादा टाकाऊ कोअर २ ड्युओ जास्त शांतपणे करतो.

पेंटियम थ्री मात्र ठेवा. वडिलांचा धंदा डीटीपीचा, म्हणजे त्या डिस्कवर पेजमेकरच्या फाइली असणार, त्याही युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या. आजच्या लॅपटॉपवर त्या उघडल्या तरी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसेल. फॉन्टच्या पॅकेजला बहुतेक वेळा डोंगल (नक्कल रोखणारी छोटी चावी) असायचं, मशिनच्या मागच्या प्रिंटर पोर्टात खोचलेलं आणि त्याच्याच पाठीवर प्रिंटरची केबल. ते डोंगल अजून लागलेलं असेल तर काढू नका, आणि सुटं कुठे डब्यात सापडलं तर फेकू नका. आधी हार्ड डिस्क बाहेर काढून यूएसबीच्या आयडीई अॅडॅप्टरने तिची सबंध प्रतिमा लॅपटॉपवर घ्या, मगच मशिन सुरू करा. जुनी डिस्क एकदा फिरते, दुसऱ्यांदा फिरेल याची हमी नाही. मशिन सुरू झालं की बटणासारखी सीआर२०३२ बॅटरी बदला, बायोसमध्ये तारीख घाला, आणि फाइली पेजमेकरमधूनच पोस्टस्क्रिप्टमध्ये छापून घ्या. पुढे पीडीएफ लॅपटॉपवर करता येईल. मजकूर युनिकोडमध्ये हवा असेल तर फॉन्टचं नेमकं नाव लिहून ठेवा. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण प्रत्येक कंपनीची अक्षरांची मांडणी वेगळी, त्यामुळे नाव माहीत नसेल तर सगळं अडतं.